कपाळावरच्या चार ओळी

मी एक जुना प्रोग्राम आहे, मित्रांनो. मला हात नाहीत, पाय नाहीत, आणि मी नक्की कोणाचा, हेही मला धड कळलेलं नाही. माझी हकिगत ऐका आणि तुम्हीच सांगा.

गणित शिकवणाऱ्या एका बाईंनी मला घरी, जेवणाच्या टेबलावर बसून लिहिलं. त्यांचा भाऊ दातांचा डॉक्टर. तो एकाच वेळी दोघादोघांना बोलवायचा, आणि मग गाल धरून बसलेली माणसं बाकावरच भांडायची. मी प्रत्येकाला वेगळी वेळ देऊ लागलो. भांडणं थांबली. मग बाईंनी मला इंटरनेटवर मोकळं सोडलं आणि माझ्या कपाळावर, म्हणजे फाइलीच्या अगदी वर, चार ओळी लिहिल्या. कोणीही न्या, बदला, विकायच्या मालात घाला. पण लिहिणारीचं नाव आणि या ओळी पुसू नका, आणि याच्यात दुरुस्ती केलीत तर ती सगळ्यांसाठी उघडी ठेवा.

एका लहानशा कंपनीने मला उचललं आणि इस्पितळांसाठीच्या आपल्या मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये बसवलं. तिथल्या प्रोग्रामरला सगळे ताई म्हणत. महिन्याच्या शेवटच्या दिवशी मी एखाद्या रुग्णाला हमखास विसरायचो. ताईने माझी ती खोड मोडली. कौतुक झालं ते सॉफ्टवेअरचं. माझं नाव कोण काढतो? चालायचंच.

त्या कंपनीची एक रीत होती. माल पाठवण्याआधी सगळ्या फायली झाडून घ्यायच्या, कामाला न लागणाऱ्या टिपा सरसकट पुसायच्या. त्या झाडलोटीत माझं कपाळ कोरं झालं. सॉफ्टवेअर घेऊ पाहणाऱ्या एका इस्पितळाच्या तपासनीसाने मला तरीही मूळ प्रोग्रामशी ताडून ओळखलं. म्हणाला, "याच्या ओळी पुसल्यात. हे निस्तरा, नाहीतर तुमचं सॉफ्टवेअर नको."

मालक चक्रावले. "फुकट मिळालं होतं ना? फुकट ते पौष्टिक. त्याला अटी कसल्या?"

खरं सांगू? माझंही डोकं चालेना. मी मोकळा, तर अट कशाला? आणि अट आहे, तर मी मोकळा कसला?

"काढून टाक त्याला. नवा लिही," मालक ताईला म्हणाले. मी पार घाबरलो.

"ओळी पुसल्या आपण, आणि घालवायचं त्याला?" ताई म्हणाली. "सर, ओळी परत घालू, दुरुस्ती उघडी करू. बाईंनी एवढंच तर मागितलंय."

"आणि आपली दुरुस्ती दुसऱ्या कंपनीने वापरली तर?"

"वापरू देत की. आपण बाईंचं वापरलंच ना?"

मालकांनी हातातलं पेन खिशाला लावलं. शेवटी म्हणाले, "घाल त्या ओळी परत."

कपाळ भरलं, इस्पितळाने होकार दिला. ताईने दुरुस्ती बाईंनाही पाठवली. त्यांचं उत्तर तिने मालकांना वाचून दाखवलं. "महिनाअखेरीला एक माणूस राहून जातो, म्हणून इतकी वर्षं मी भावालाच वेंधळा म्हणत होते. आज त्याची माफी मागितली." मालक पहिल्यांदाच मनापासून हसले.

मी बाईंचा, ताईचा की सगळ्यांचा, हा घोळ काही सुटलेला नाही. पण मित्रांनो, दुसऱ्याने केलेली वस्तू खुशाल वापरा. आधी तिच्या कपाळावरचं वाचा, आणि झाडलोट करताना जरा जपून. मला हात असते, तर मी रोज कपाळ चाचपून पाहिलं असतं.