आप्पांच्या जागी कोण

सगळा घोळ झाला तो एका नावापायी. घरातल्या म्हाताऱ्याला सगळे आप्पा म्हणायचे, आणि देश चालवणाऱ्या माणसालाही सगळा देश आप्पाच म्हणायचा. आता एका देशाला एक आप्पा पुरे की नाही? पण लोकांच्या जिभेला कोण आवर घालणार! एरवी त्यानं कुणाचं काही बिघडत नव्हतं. 'आप्पा जेवले का' म्हटलं की घरातला म्हातारा, आणि 'आप्पांनी पुन्हा भाव वाढवले' म्हटलं की तो दुसरा. त्या मंगळवारी मात्र हे गणित पार विस्कटलं.

घरातल्या आप्पांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. खाली रस्त्याला लागून ऑफिसची खोली, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता, एक टेबल, दोन-तीन खुर्च्या. मागे फरशीचं अंगण, तिथे गाडी. वर राहायचं घर. शिकवायच्या गाडीत शिकणाऱ्यापुढे असतात तसे ब्रेक-क्लच शेजारच्या सीटपुढेही असतात, म्हणजे शिकणारा गांगरला तरी शिकवणाऱ्याचा पाय जागेवर. त्या शेजारच्या सीटवर आप्पांनी उभा जन्म काढला होता. निम्म्या शहराला गाडी त्यांनी शिकवली, आणि उरलेल्या निम्म्याला ते खिडकीतून तोंड बाहेर काढून शिव्या घालत.

सूनबाई ऑफिस बघायची. तक्त्यासमोर उभी राहून खुणा शिकवायची, फोन घ्यायची, कोणाची पाळी कधी ते ठरवायची. शिकवण्याचा परवाना तिच्याकडेही होता, रीतसर परीक्षा देऊन मिळवलेला. पण गाडीची किल्ली मागितली की आप्पा म्हणायचे, "मी आहे ना अजून." हे ऐकून ऐकून तिचे कान किटले होते. बरं, नवऱ्याला सांगावं, तर तो बापापुढे मूग गिळून बसणारा. "तू बोल, तुझं ऐकतात ते," असं म्हणून तो कामावर सटकायचा. आणि ऐकत तर तिचंही कुणी नव्हतं.

नुसत्या किल्लीचा प्रश्न असता तर तिनं तेही गिळलं असतं. पण आप्पांचे डोळे गेले होते. घरात कुणी तसं बोलून दाखवत नव्हतं इतकंच. चहाचा कप ते टेबलाच्या कडेला ठेवायचे आणि पडला की टेबलाला बोलायचे. आदल्या आठवड्यात बँकेतल्या एक बाई शिकत होत्या. चौकात हातगाडी आडवी आली ती आप्पांना दिसलीच नाही. बाईंनी स्वतःच कचकन ब्रेक दाबला म्हणून तो हातगाडीवाला वाचला. बाई तडक ऑफिसात आल्या. "मी लायसन ऑफिसला कळवणार आहे," त्या म्हणाल्या. "येईल कुणीतरी चौकशीला, मग बघा!" तेव्हापासून दाराशी कुणाची सावली पडली तरी सूनबाई दचकून उठायची.

मंगळवारी दुपारी तशी सावली पडली. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, उन्हात फिरून चेहरा लाल झालेली एक मुलगी आत आली.

"आप्पांच्या कामाबद्दल तुमचं मत हवंय," ती म्हणाली. "पाच-सहा प्रश्न आहेत. तुमचं नाव कुठेही जाणार नाही."

झालं! आली चौकशी, सूनबाईच्या मनात आलं. तिनं मागच्या दाराकडे पाहिलं. अंगणात आप्पा नळी लावून गाडी धूत होते. खोटं बोललं तर उद्या कुणीतरी चाकाखाली येणार. खरं बोललं तर म्हातारा जिवंतपणी मरणार. त्यात ती मुलगी इतकी दमलेली, की बिचारी न विचारताच खुर्चीत बसली.

"बोलू ना स्पष्ट?" सूनबाईनं विचारलं.

"त्यासाठीच तर फिरतोय आम्ही," मुलगी म्हणाली. "आप्पांची आजवरची कामगिरी कशी वाटते? चांगली, बरी, वाईट?"

"आधी चांगली होती. फारच चांगली. आता..." सूनबाई अडखळली, मग एका दमात बोलून मोकळी झाली. "आता त्यांना समोरचं दिसत नाही हो."

मुलीनं मान डोलावली. सकाळपासून तिनं हे बऱ्याच जणांकडून ऐकलं असावं.

"आणि दिशा? योग्य दिशेनं नेतायत असं वाटतं?"

"दिशा कसली! परवा सरळ वन-वेत उलटे घुसले."

मुलगी हसली. "छान बोलता तुम्ही. चूक झाली तर कबूल करतात?"

"नावच काढू नका! चूक नेहमी दुसऱ्याची. समोरचा वेडा, रस्ता वाकडा, सिग्नलच खराब. आपलं काही चुकतंय हे त्यांच्या गावीही नसतं."

"अगदी बरोबर!" मागच्या अंगणातून आवाज आला. नळी बंद झाली होती. आप्पा ओरडत होते, "लिहा, लिहा! शब्द न् शब्द लिहा!"

हे काय नवीन? म्हाताऱ्यानं ऐकलं, आणि वर लिहा म्हणतोय? तिनं घाबरत विचारलं, "आप्पा, तुम्हाला ऐकू येतंय ना मी काय बोलतेय ते?"

"सगळं येतंय! थांबू नकोस तू!"

आता यात आप्पांचं तरी काय चुकलं? ते रोज सकाळी रेडिओवर बातम्या ऐकून त्या दुसऱ्या आप्पांच्या नावानं बोटं मोडत. त्यांच्या डोक्यात आप्पा म्हणजे तोच. आपल्याला कुणी आप्पा म्हणतं हे माणसाला स्वतःच्या डोक्यात कुठे आठवतं?

"त्यांनी आता बाजूला व्हावं, असं वाटतं?" मुलीनं विचारलं.

"व्हावं," सूनबाई म्हणाली. "मानानं व्हावं. कुणाचा जीव जायच्या आत."

"वा!" अंगणातून टाळी ऐकू आली.

"त्यांच्या जागी कोण योग्य वाटतं?"

"खरं सांगू? मीच."

मुलीनं टॅब वर-खाली केला. तिच्याकडच्या नावांत हे नाव नव्हतं. तिनं 'इतर'वर बोट ठेवलं. अंगणात आप्पा खो-खो हसत होते. "शाबास! तू त्याच्यापेक्षा बरी चालवशील, माझ्याकडून लिहून घे!" असं म्हणून त्यांनी पुन्हा नळी सोडली, आणि पाण्याच्या आवाजात पुढचं त्यांना काही ऐकू गेलं नाही.

"शेवटचं," मुलगी म्हणाली. "त्यांची एखादी चांगली गोष्ट?"

"माणूस सोन्यासारखा आहे हो. माझ्या बाळंतपणात रात्रभर दवाखान्याच्या बाकावर बसून होते. नवरा झोपला, ते नाही झोपले."

मुलगी लिहिता लिहिता थबकली. "आप्पा? तुमच्या बाळंतपणात?"

"मग! दुसरं कोण येणार?"

मुलगी चटकन उठून उभी राहिली. मग तिनं भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिलं, पाणी मागून प्याली आणि जाताना दारात मान लववून नमस्कार करून गेली. लायसन ऑफिसची माणसं इतकी नम्र कधीपासून झाली, हे काही सूनबाईला कळलं नाही.

आप्पा हात पुसत आत आले. चेहऱ्यावर नुसता आनंद. "आज पहिल्यांदा तोंड उघडलंस बघ. मला वाटायचं, तुला काही मतच नाही."

"तुम्हाला राग नाही आला?"

"राग? अगं, नजर गेली, ताबा गेला, तरी खुर्ची सोडवत नाही! असल्या माणसाला हाताला धरून उतरवायला हवं."

सूनबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. केवढा हा मनाचा मोठेपणा! आपण उगाच इतके दिवस घाबरलो. "मग उद्यापासून..." ती म्हणाली.

"उद्या कशाला? आजच उतरवा!" असं म्हणून आप्पा झोपायला वर गेले.

तिनं खिळ्यावरची किल्ली काढून पदराच्या टोकाला बांधली. पण मनात काहीतरी टोचत होतं. आप्पा स्वतःला 'असल्या माणसाला' म्हणाले? इतकी वर्षं 'मी आहे ना' म्हणणारा माणूस एका दुपारीत असा बदलतो? तिनं नवऱ्याला फोन करून सांगितलं तर तो म्हणाला, "ताप तर नाही ना आला त्यांना?"

पाचच्या पाळीला दाताचे डॉक्टर यायचे. दुसऱ्याच्या दाढा उपटताना ज्याचा हात हलत नाही तो माणूस, पण स्टिअरिंग धरलं की घामाघूम. ते आले, आणि मागोमाग आप्पा जिना उतरले, इस्त्रीचा सदरा घालून.

"किल्ली कुठाय?"

"माझ्याकडे," सूनबाई म्हणाली. "आजपासून मी घेणार ना पाळी."

"कोण म्हणालं?"

"तुम्हीच! दुपारी! आजच उतरवा म्हणालात ना?"

"कुणाला?"

"तुम्हाला!"

"मला? मी मला कशाला उतरवीन? डोकं फिरलंय का तुझं?"

"अहो, ती लायसन ऑफिसची मुलगी आली होती तेव्हा..."

"कसलं लायसन ऑफिस?" मध्येच डॉक्टर म्हणाले. बिचाऱ्यांना वाटलं आपण मदत करतोय. "गळ्यात ओळखपत्र घातलेली ती मुलगी ना? माझ्या दवाखान्यातही आली होती. सर्व्हेवाली ती. देशाच्या आप्पांबद्दल मतं विचारत फिरतेय."

डॉक्टर वळून नो पार्किंगची खूण बघू लागले, आणि त्यात इतकं बघण्यासारखं काय होतं देव जाणे. सूनबाईच्या कानशिलात गरम वाफ शिरली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

"म्हणजे," आप्पा सावकाश म्हणाले, "समोरचं दिसत नाही, ते मला होतं?"

"हो."

"वन-वे?"

"परवा तुम्हीच नाही का गेलात."

"आणि मी म्हटलं, लिहा." ते खुर्चीत बसले, लगेच उठले. मग त्यांचा भडका उडाला. "परक्या पोरीपुढे घरातलं उणंदुणं काढलंस? मला सांगायला काय जीभ झडली होती?"

"किती वेळा किल्ली मागितली! तुम्ही म्हणता, मी आहे ना!"

"म्हणजे आहेच मी! लोकांची मतं काय घेऊन बसलीस, लोक आज हे बोलतात, उद्या ते. आण ती किल्ली. बस माझ्या शेजारी आणि बघ डोळ्यांनी."

तिनं किल्ली दिली. का दिली, तिलाच कळेना. दुपारी जे इतकं लख्ख खरं वाटलं होतं ते आता नुसतं वाईट वाटत होतं. आपण खरं बोललो की चुगली केली? बाकावर रात्रभर बसलेल्या माणसाचं आपण हे काय केलं? आप्पांनी गाडी अंगणातून फाटकापर्यंत आणली, डॉक्टर फुटपाथवर उभे राहिले. ती शेजारच्या सीटवर बसली होती, पहिल्यांदाच, आणि तिचा पाय ब्रेकवर घट्ट रोवलेला होता.

"रस्त्यावर घेऊ नका अजून," ती म्हणाली. "आधी समोरच्या दुकानाची पाटी वाचा. मग कुठेही न्या, मी हूं की चूं करणार नाही."

आप्पा तुच्छतेनं हसले. "शिलाई मशीन दुरुस्ती आणि सुटे भाग," त्यांनी खणखणीत आवाजात वाचलं. मग पाटीवरची नजर काढून त्यांनी तिच्याकडे मान वळवली. "बरोबर ना?"

समोर मोबाइलचं दुकान होतं. हातभर उंचीची लाल अक्षरं. मशीनवाला केव्हाच दुकान विकून गेला होता.

आप्पा उत्तराची वाट बघत होते. 'ना' म्हणताना त्यांचा आवाज जरासा खाली आला होता. तिनं तो आवाज कधी ऐकला नव्हता. हो म्हणून टाकावं, मनात आलं. एवढ्याशा 'हो'नं म्हाताऱ्याची संध्याकाळ राहील. मग तिच्या डोळ्यांपुढे ती हातगाडी आली.

"नाही, आप्पा."

"मग काय लिहिलंय?"

तिनं वाचून दाखवलं. शेवटी शेवटी तिला रडू फुटलं.

"केव्हा बदललं?"

"झालं की वर्ष."

आप्पांनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. "वर्षभर रोज वाचतोय मी ती पाटी," ते म्हणाले. मग म्हणाले, "त्या पोरीला तर धडाधड सांगत होतीस. आता का रडतेस?"

"तेव्हा तुम्ही समोर नव्हता."

ते उतरले. गाडीच्या बॉनेटवर हात ठेवत ठेवत पुढून वळसा घालून फुटपाथपाशी आले. "या डॉक्टर, बसा. आजपासून ही शिकवेल."

"तुम्ही मागे बसा ना, आप्पा," सूनबाई खिडकीतून म्हणाली. "सोबत होईल."

"नको गं. मागे बसलो तर बोलत राहीन मी," ते म्हणाले आणि ऑफिसकडे निघाले. पायरीपाशी थांबले. आधी पाय पुढे करून त्यांनी पायरी चाचपली, मग वर चढले. रोज ते असेच चढत असतील आणि आपण टेबलामागे बसून कधी पाहिलंच नाही, असं तिला वाटलं. उठून हात द्यायला ती दार उघडणार, तेवढ्यात डॉक्टर सीटवर येऊन बसले आणि त्यांनी घाबऱ्या आवाजात विचारलं, "क्लच कुठला हो?"

"डावा," ती म्हणाली, आणि डोळे पुसून तिनं समोर पाहिलं.