नाळेवरचा नारळ

“व्हाणो काडा आधी, भावोजीनू! सरकारी झाल्यो म्हणान काय झाला?”

सत्यवानाच्या बोलण्यावर किनाऱ्यावरची माणसे हसली. लवूने चपला वाळूत ठेवल्या, होडीला हात लावून नमस्कार केला आणि तो आत चढला.

लवू मासेमारी खात्याचा रक्षक. सुरुंगाने मासे मारायला बंदी होती. संशय आला तर होडीची झडती घेऊन ती जप्त करायचा अधिकार त्याला होता. सत्यवान त्याच्या बायकोचा, मथुरेचा, सख्खा भाऊ. त्या सकाळी खडपाकडून, किनाऱ्यालगतच्या खडकांकडून, दोन धडाके ऐकू आले होते आणि सत्यवानाच्या टोपलीतले मासे कणा मोडलेले, लुळे होते.

झडतीला दोन पंच लागतात. मी गावच्या वाचनालयात कामाला होतो; लिहिता येते म्हणून लवूने मला तिथून बोलावले होते. हे १९६२ सालचे. मला तेव्हा पळून जावेसे वाटत होते, हे कबूल करतो.

लवूने जाळी उलगडली, फळ्या उचलल्या, पाण्याचे मडकेही तपासले.

“गावला काय तरी?” सत्यवान म्हणाला. “की आता माजा पोट फाडून बघतलात?”

पुन्हा हशा. लवू होडीच्या टोकाकडे, नाळेकडे, बघत होता. तिथल्या लहानशा फळीवर देवाचा नारळ होता. त्या जागी आंघोळ केल्याशिवाय कोणी हात लावत नसे. याआधीच्या दोन झडत्यांत लवूनेही ती जागा सोडली होती.

तो खाली उतरला. संपले, असे सगळ्यांना वाटले. लवू खाकी कपड्यांनिशी समुद्रात शिरला, तीन बुड्या मारून निथळत परत आला.

सत्यवानाचा आवाज बदलला. “लवू, देवाक हात लावलंस तर माज्या दारात परत पाय ठेवू नको.”

“ठेवचंय नाय,” लवू म्हणाला. “पण तुजे दोनव हात शाबूत आसत, तवसर ही सुरुंगाची दारू माका होयी.”

त्याने हात जोडले. नारळ दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवला. फळीखाली लाल फडक्यात सुरुंगाच्या चार कांड्या होत्या.

मी पंचनाम्यावर सही केली. दुसरा पंच कोणी होईना. शेवटी मासे विकणारी काशीबाई टोपली खाली ठेवून पुढे आली.

“खंय आंगठो लावचो सांगा. माज्या बाळाचो हात ह्याच दारून नेल्यान.”

खटला संपेपर्यंत होडी वाळूत ओढून ठेवली. चैत्राचे ऊन, कोरड्या होडीच्या फळ्या तडकतात. लवू रोज दुपारी बादलीने समुद्राचे पाणी आणून तिच्यावर ओतायचा, वर माडाच्या झावळ्यांची झापे घालायचा. हे काही त्याच्या नोकरीत नव्हते. गावात त्याच्याशी कोणी बोलत नव्हते. घरात मथुराही ताट ठेवून निघून जायची.

अकराव्या दुपारी वाचनालयाच्या खिडकीतून मला मथुरा दिसली. कमरेवर कळशी होती. तिने नाळेवर पाणी ओतले, लवूकडे न बघता. मग कळशी भरायला ती पुन्हा समुद्राकडे वळली.

लवूने आपली बादली उचलली आणि तोही तिच्यामागून गेला.