भिंतीचा पोपडा

रतनने चुलीमागच्या भिंतीचा पोपडा नखाने उकलून तोंडात टाकला आणि मागे वळली, तर दारात सासू. अंबूबाईंच्या जिभेला हाड नाही, असं सारा गाव म्हणायचा. पण त्या दिवशी त्यांच्या तोंडून अवाक्षर निघालं नाही. काखेतली घागर उतरवली, शेणमाती कालवली आणि ती जागा लिंपून टाकली. याहून दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं रतनला वाटलं.

दुसऱ्या दिवशी अंबूबाईंनी तिला मळवलीला गाडीत बसवून लोणावळ्याच्या दवाखान्यात आणलं. कोयनेचा भूकंप झाला त्या साली रतनचं पहिलं पोर पोटातच गेलं होतं. आता पुन्हा पाचवा महिना चालू होता आणि चार पावलं चाललं तरी तिला धाप लागायची.

नर्सबाईंनी तिची पापणी खाली ओढली. आतून पांढरीफटक.

“रक्तात लोह कमी पडलंय. त्याशिवाय रक्त बनत नाही, बाळालाही पुरत नाही. माती खातेस का?”

“न्हाई.”

“लाजू नकोस. लोह कमी झालं की मातीची ओढ लागते, ती खोड नव्हे. पण मातीतून जंत होतात, ते उरलंसुरलं रक्त पितात. खरं सांग, म्हणजे त्याचंही औषध देते. नाहीतर हेही बाळ हातचं जाईल.”

रतन पदराचं टोक पिळत राहिली. बाकावरच्या बायका कान टवकारून बसल्या होत्या.

अंबूबाई पुढे झाल्या. आता या साऱ्यांदेखत आपली अब्रू निघणार, म्हणून रतनने डोळे मिटून घेतले.

“मी खाती, बाई,” अंबूबाई म्हणाल्या. “न्हान आलं तवापासनं. अजून बी सुटत न्हाई.”

रतनने डोळे उघडले. सासूने आपल्याच बोटाने पापणी खाली ओढून धरली होती. तीही तशीच पांढरी.

“मी बी खाती,” रतन पुटपुटली.

नर्सबाई दोघींच्या गोळ्या बांधू लागल्या.

“पालेभाजी, नाचणी, हरभरे खाता का, आजी?”

“मागं उरंल ते,” अंबूबाई म्हणाल्या.

रतनची मान वर होईना. सासू सगळ्यांच्या मागून एकटीच जेवते ती चांगलंचुंगलं आपल्या ताटात ओढायला, असं तिने माहेरी सांगितलं होतं. त्यावर मायलेकी पोट धरून हसल्या होत्या.