केसलला एक मत

चर्चच्या तळघरात आम्ही त्रेचाळीस शेजारी जमलो होतो. राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाने कुणाला उभं करायचं, त्याचं नाव कोऱ्या चिठ्ठीवर लिहून द्यायचं होतं. त्याआधी केसलची बाजू मांडायला मी उठले. गर्भपात, बंदुका, कर, कशावरही हा माणूस तसूभर हललेला नाही. सहा महिने मी त्याच्यासाठी दारं ठोठावत होते.

"आर्डिथ, त्याचं सगळं पटतं गं," ड्वेन म्हणाला. "पण नोव्हेंबरच्या निवडणुकीत तो आपटणार."

"पटतं तर लिही ना. देवाला काय सांगशील, माणूस खरा होता पण पडेल म्हणून सोडला?"

"देवाला निवडणूक लढवायची नसते."

सगळे हसले. काल फोनवर मला शब्द दिलेलेही हसले. मी खाली बसले, चिठ्ठी लिहिली आणि फिरत आलेल्या ड्वेनच्या टोपीत टाकली.

नावं मोठ्याने वाचली. केसलला एक मत.

सगळे माझ्याकडे कीव आल्यासारखे बघायला लागले. ड्वेनने खांद्यावर हात ठेवला. "एकटी का होईना, टिकलीस."

बाहेर गाडीत बसल्यावर माझ्या नवऱ्याने, व्हर्लिनने, किल्ली लावली.

"मला तो केसल कधीच आवडला नाही," तो म्हणाला. "पण तू त्याच्यासाठी एवढी राबलीस, म्हणून मी त्याचं नाव लिहिलं."

त्याने गाडी सुरू केली नाही.

"तू कुणाचं लिहिलंस?"