कांद्याने पुसलेले नाव

मित्रांनो, मी एक जुना, थकलेला चित्रफलक आहे. इटलीतल्या एका डोंगरी गावाच्या चर्चमध्ये, वेदीच्या मागे, मी पाचशे वर्षे उभा होतो. पाय असते तर केव्हाच बसलो असतो.

अन्सोव्हिनो नावाच्या चित्रकाराने मला लाकडी फळ्यांवर रंगवले. रंग अंड्याच्या बलकात कालवलेला, माता मारियाच्या मागे खरे सोने. खाली उजव्या कोपऱ्यात त्याने कागदाचा एक कपटा रंगवला आणि त्यावर आपले नाव घातले. तेव्हा लोक माझ्याकडे भान हरपून बघत. पुढे बघणे संपले. मेणबत्त्यांची काजळी चढली. एकदा उंदरांनी माझ्यात रंगवलेल्या संत रोकोच्या कुत्र्याचा पाय कुरतडला, पण कोणाला त्याचे सोयरसुतक नव्हते.

माझी काळजी घेतली ती फिलोमेनाने. चर्च झाडणारी, ठेंगणी, तोंडाने फटकळ. दर ईस्टरच्या आधी ती कांदा कापून अर्धी फोड माझ्यावर घासायची; आमच्या गावात देवाची चित्रे अशीच उजळतात. तिचा हात वर पोचत नसे, म्हणून सगळी माया खालच्या कोपऱ्यावर. चाळीस ईस्टरांत अन्सोव्हिनोचे नाव त्या कांद्याबरोबर निघून गेले. मला ओरडता आले नाही.

गेल्या वर्षी शहरातल्या संग्रहालयातून ओर्नेल्लाबाई आल्या. भिंग घेऊन तीन दिवस माझ्यासमोर बसल्या.

"बोटं रंगवायची ही ढब अन्सोव्हिनोचीच वाटते," त्या म्हणाल्या, "पण पुरावा नाही. 'चित्रकार अज्ञात' असं लिहून मी उद्या जाते."

"आणि नाव सापडलं तर?" फिलोमेनाने विचारले.

"तर इथं ठेवता येणार नाही, सिन्योरा. छत गळतंय. संग्रहालयात न्यावं लागेल."

"म्हणजे बिननावाचं तोवर आमचं, नाव लागलं की तुमचं! छान न्याय आहे, बाई!"

ती तरातरा घरी गेली. मी मनातून खचलो. आता बिनबापाचाच राहणार, असे वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आपल्या लग्नाचा फोटो घेऊन आली. वेदीपाशी उभी असलेली नवरी, आणि तिच्या कोपराजवळ माझा तो कपटा. त्यावरचे नाव भिंगाखाली स्वच्छ वाचता येत होते.

"घ्या. नाव मीच पुसलं, कांद्यानं. साठ वर्षं हा फोटो माझ्या उशाशी आहे."

"मग काल का नाही बोललात?"

"काल हा फलक माझा होता." ती माझ्याकडे बघत नव्हती. "मी अनाथाश्रमातली. शाळेत बापाचं नाव विचारलं की माझी मान खाली जायची. याला तरी त्याचं मिळू दे. आणि नेताना पाठीला ओल लागू देऊ नका, तिथली फळी फुगते."

आता मी संग्रहालयात काचेआड असतो. लोक आधी पाटी वाचतात, मग पळभर माझ्याकडे बघतात. फिलोमेना दर गुरुवारी बसने यायची. पहारेकरी हसत तिची पिशवी तपासायचा, कांदा तर नाही ना म्हणून. गेले दोन गुरुवार ती आलेली नाही.

मित्रांनो, जुन्या चित्राला कांदा लावू नका. स्वतः घासपूस करण्याआधी जाणत्याला विचारा. पण एवढे ध्यानात ठेवा, रंगवणाऱ्याचे नाव पाटीवर आहे, जपणारीचे कुठेच नाही. म्हणून मी ते इथे घालतो आहे. फिलोमेना. हे कोणी पुसू नका.