यमुताईंच्या गोळीचं उद्यापन

मित्रांनो, मी एक जुना पितळी अडकित्ता आहे आणि स्वभावाने संशयी आहे. त्याला इलाज नाही. किडकी सुपारी वरून गुळगुळीतच दिसते, हे मी जन्मभर पाहत आलो. इतवारी बाजारातल्या कारागिराने मला घडवलं, आणि गोपाळरावांनी लग्नाच्या वर्षी मला घरी आणलं. सुपारी कातरावी तर यानंच, असं पाहुणे म्हणायचे. मी फुगून जायचो.

पुढे गोपाळरावांच्या बायकोचं, यमुताईंचं, जेवण तुटलं, बोलणं तुटलं. डॉक्टरांनी उदासीवरच्या गोळ्या दिल्या. मला त्या गोळ्यांचाही संशय आला, खोटं कशाला बोलू? पण दोन महिन्यांत यमुताई पुन्हा अंगणात रांगोळी काढू लागल्या. अशी सहा वर्षं गेली.

१९७८ साली त्यांचे सोळा सोमवार पुरे झाले. उद्यापनाला शेजारच्या शोभाताई आल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "व्रत पुरं झालं का उद्यापन करतो न आपण? मंग बरी झाल्यावर गोळ्या काहून खाऊन राहिली वं? लोक पागल म्हणतीन."

यमुताईंना ते पटलं. दुसऱ्या दिवसापासून त्या नुसतं पाणी प्यायच्या आणि मुठीतली गोळी पानाच्या डब्यात, माझ्या शेजारी, सुपारीखाली लपवायच्या.

चौथ्या दिवशी त्यांना गरगरू लागलं. मळमळ, घाम, उगाच रडू. शोभाताईंनी नजर लागली म्हणून मिरच्या ओवाळल्या. "मी पुन्हा तशीच होऊन राहिली जी," यमुताई नवऱ्याला म्हणाल्या, तेव्हा मला फार भीती वाटली. माझा संशय सुपारीखाली पडून राहिलेल्या, न घेतलेल्या गोळ्यांवर होता, पण अडकित्त्याला कोण विचारतो?

अकराव्या दिवशी गोपाळरावांनी सुपारीसाठी डबा चाचपला आणि गोळ्या हाती लागल्या. ते रागावले नाहीत. "चाल, डाक्टरकडे जाऊ," एवढंच म्हणाले.

डॉक्टर म्हणाले, "बाई, सोडायची इच्छा चांगली आहे. पण सहा वर्षं घेतलेली गोळी एका दिवसात तोडली, त्याचा हा त्रास आहे. आजारच परतला असं समजू नका. पुन्हा सुरू करा, मग मी सांगेन तशी हळूहळू कमी करू." ही गोळी कापली तर चालेल का, हेही गोपाळरावांनी विचारून घेतलं.

डॉक्टर हो म्हणाले, मग मला धुऊन पुसून गोळीचे तुकडे करायच्या कामाला लावलं. मध्ये एकदा यमुताईंचा त्रास वाढला, तेव्हा डॉक्टरांनी गोळी मागच्या मापावर नेऊन महिनाभर तिथंच थांबवलं. मला वाटलं, हरलो. तसं नव्हतं. आठ महिन्यांनी शेवटचा तुकडा संपला, आणि त्यानंतरही यमुताई डॉक्टरांना दाखवायला जात राहिल्या.

एका दुपारी शोभाताई मला मागायला आल्या.

"सुपारीले?" यमुताईंनी विचारलं.

"नाही वं. चार वर्षांपासून मीबी तीच गोळी खाऊन राहिली. कोणाले सांगतलं नाही. तुले सोडता येते का, तेच पाहून राहिली होती मी."

मी सगळ्यांवर संशय घेतला, शोभाताईंवर कधी घेतला नाही.

यमुताईंनी मला डब्यात ठेवलं आणि पायात चपला घातल्या. "अडकित्ता मंग. पहिले डाक्टरकडे चाल, मी संग येतो."

मित्रांनो, माझं पातं सुपारीवर खुशाल चालवा. गोळीवर चालवण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि अशी गोळी घेणाऱ्याला हसू नका. त्या हसण्याच्या धाकानं शोभाताई चार वर्षं भिंतीपलीकडे एकट्याच होत्या.