चार नंबरची फुली

सकाळी सहा पंचावन्नला रूपा साळवेच्या हातात दोन वस्तू असायच्या. एक चेकशीटचं पॅड आणि दुसरा बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. डब्यात आठ पाचरी होत्या. बोटाएवढ्या लांब, बाभळीच्या लाकडाच्या, वापरून गुळगुळीत झालेल्या.

वाळूजच्या त्या कारखान्यात आठ जुने प्रेस एका रांगेत आहेत. बाई डायवर, म्हणजे साच्यावर, पत्र्याचा तुकडा ठेवते, दोन बाजूंची दोन हिरवी बटणं दोन हातांनी एकदम दाबते, वरून रॅमचा जड ठोकळा आदळतो आणि पत्र्याची ब्रॅकेट होते. दोन्ही हात बटणांवर असले की रॅमखाली हात नसतो, म्हणून बटणं दोन. पण अशा रीतीने तासाला तीनशे नग निघतात. डाव्या बटणात पाचर ठोकली की ते दाबलेलंच राहतं. मग उजव्या हाताने बटण आणि डाव्या हाताने पत्रा, असे साडेचारशे निघतात. टार्गेट चारशेचं आहे.

पाचरी वाटणं हे लाईन लीडरचं काम. सातला वाटायच्या, तीनला गोळा करायच्या. कुणी तपासणीला येणार असलं की त्याआधीच गोळा करायच्या. रूपा सहा वर्षं हे करत होती. त्याच हातासरशी ती चेकशीटही भरायची. प्रत्येक मशीनला चौदा मुद्दे, आठ मशीनच्या एकशे बारा खुणा. चार मिनिटांत सगळीकडे बरोबरची खूण, खाली सही. तिसरा मुद्दा होता, ‘दोन्ही बटणं स्वतंत्र चालतात’. नववा, ‘एका दाबाला एकच स्ट्रोक’. कागदाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेलं होतं की फुली असल्यास मशीन बंद ठेवावं. चालवायचं असल्यास विभागप्रमुखाने लेखी परवानगी द्यावी. सहा वर्षांत त्या कागदावर एकही फुली पडलेली नव्हती.

सोमवारी दुपारी अडीचला चार नंबरवरची दीपमाला तिच्याकडे आली. सव्वीस वर्षांची, कंत्राटावर असलेली. तिचं कंत्राट महिनाअखेरीला संपत होतं आणि पुढचं टार्गेटवर ठरणार होतं.

“ताई, चार नंबर आज लई लाडात आलाय. एकदा दाबलं तर दोनदा मारतोय.”

“कितीदा झालं?”

“दोनदा. मी हात काढला होता म्हणून बरं.” ती हसली.

रूपाने मेंटेनन्सच्या सांडूभाऊला आणलं. त्याने मागचं कव्हर उघडलं, टॉर्च मारली, कव्हर लावलं.

“ब्रेकचं लायनिंग गेलंय. रॅम वर थांबत नाय. नवीन रविवारी येणार.”

“तोपर्यंत?”

“माझ्याकडं काय बघती? काकासाहेबांना विचार.”

काकासाहेब विभागप्रमुख. त्यांच्या टेबलावर गुरुवारच्या डिस्पॅचचा कागद होता. “दिवसातून दोनदा ना? मग हात लवकर काढायचा. रविवारपर्यंत ओढा कसंतरी,” ते म्हणाले. रूपा “हो साहेब” म्हणाली आणि बाहेर आली. हे दोन शब्द आपण कधी म्हणालो, ते तिला नंतर आठवेना.

संध्याकाळी बजाजनगरच्या घरी तिची मुलगी प्रेरणा फोन घेऊन तिच्या शेजारी बसली. दीपमालाने स्टेटसला व्हिडिओ ठेवला होता. मोबाईल आत न्यायला बंदी होती, पण तिचा वाढदिवस होता, मग कोण ऐकतं. चौदा सेकंदांचा व्हिडिओ होता, वर गाणं लावलेलं. बायका हसत होत्या. मागून रूपा चालत येत होती. डब्यात हात घालायची, पुढच्या हातावर पाचर ठेवायची, पुढे सरकायची. तोंड दुसरीकडे होतं, एक नंबरच्या द्वारकाबाईंशी बोलणं चालू होतं. एकदाही तिने हाताकडे पाहिलं नव्हतं. प्रसाद वाटावा तसं चाललं होतं.

“आई, काय वाटतीयेस गं?”

“पाचर. बटणात घालायची. मग एकच बटण दाबावं लागतं.”

“मग दोन बटणं कशाला केलीत?”

“हात आत राहू नये म्हणून.”

प्रेरणाने मान हलवली आणि अभ्यासाला गेली. तिच्या दृष्टीने प्रश्न संपला होता. रूपाने व्हिडिओ पुन्हा लावला. एकूण पाच वेळा पाहिला. पाचव्यांदा तिने दीपमालाचा डावा हात पाहिला. मेंदी होती त्यावर.

तिचा नवरा संघपाल शेंद्र्याच्या कंपनीतून रात्री नऊला आला. जेवताना तिने त्याला सगळं सांगितलं.

“पंधराला पर्मनंटची यादी लागणार, तुझं नाव आहे त्यात,” तो म्हणाला. “आज नऊ तारीख. सहा दिवस थांब.”

“तिथं हात आहे रे कुणाचा तरी.”

“मी कुठं नाय म्हणतो? पण तू ब्रेक बनवला का? बटण तू बनवलं?”

“पाचर मी देते.”

तो ताट घेऊन मोरीकडे गेला. परत आल्यावर एवढंच म्हणाला, “बघ बाई. तुझं तू ठरव.” त्यात राग किती आणि परवानगी किती, ते तिला कळलं नाही.

तिने ठरवलं. चार नंबरला पाचर द्यायची नाही आणि चेकशीटवर नवव्या मुद्द्याला फुली मारायची. काय बोलायचं तेही तिने भांडी घासताना मनात बसवलं.

मंगळवारी सहा पंचावन्नला ती रांगेच्या टोकाला उभी होती. एक नंबरच्या द्वारकाबाई तिच्याकडे बघून म्हणाल्या, “काय गं, डोळे कशानं सुजले? संघपालनं रात्री भांडी घासायला लावली का?” बायका हसल्या. रूपाही हसली, काहीतरी उत्तर दिलं, पुढे गेली. दोन नंबरवाल्या आवडाबाई नातवाच्या तापाचं सांगत होत्या, ते ऐकत ती चालत राहिली. रांगेच्या दुसऱ्या टोकाला पोचल्यावर तिने डबा उघडला.

डबा रिकामा होता.

तिने मागे वळून पाहिलं. चार नंबरच्या डाव्या बटणात पाचर बसलेली होती. दीपमाला तिच्यावर हातोडीचा शेवटचा ठोका मारत होती. सातचा भोंगा वाजला आणि आठही प्रेस सुरू झाले.

रूपा आठ नंबरपाशी तशीच उभी राहिली. रात्रभर जे ठरवलं होतं ते तिच्याच हाताने, तिला न विचारता, उलटं केलं होतं. सकाळी काकासाहेबांनी तिला काही सांगितलं नव्हतं. कुणी धमकावलंही नव्हतं. समोर मेंदीचा हात पुढे आला होता आणि तिने पाचर ठेवली होती.

तिथून चार नंबर वीस पावलांवर होता. त्या वीस पावलांत मनात बसवलेलं सगळं गेलं. दीपमालाचा वेग चांगला होता. डावा हात पत्रा घेऊन आत, डावा हात बाहेर, उजव्याने बटण, रॅम खाली, रॅम वर, डावा हात आत. रॅम वर पोचायच्या आधीच हात आत निघालेला असायचा. रूपा तीन फुटांवर थांबली. एक स्ट्रोक झाला. दुसरा झाला. अजून काही झालं नव्हतं, आणि झालं नाही तर हे सगळं हसण्यावारी जाणार होतं. तिसरा झाला. डावा हात आत निघाला तेव्हा रूपाने हात लांब करून लाल बटण दाबलं.

चार नंबर थांबला. बाकीचे चालू होते, तरी शेजारच्या दोघींनी मान वळवली.

“काय झालं?” दीपमाला ओरडली.

“काही नाही झालं.”

“मग बंद का केला?”

“काही झालं नाही म्हणूनच. ऊठ.”

“ताई, सकाळी सकाळी मजाक नको. चारशे काढायचेत मला.”

रूपाने पाचर उपटली आणि खिशात घातली. पॅड मांडीवर टेकवून तिने चार नंबरच्या रकान्यात, नवव्या मुद्द्यापुढे फुली मारली. पेन जरा जास्तच दाबलं गेलं. कागद फाटता फाटता राहिला.

“तुझं पर्मनंट व्हायला आलंय,” दीपमाला म्हणाली. तिचा आवाज आता खाली आला होता, आणि ते जास्त बोचत होतं. “आता तुला आमचे हात दिसायला लागले व्हय? सहा वर्षं कुठं होते तुझे डोळे?”

“दुसरीकडं होते,” रूपा म्हणाली.

सात बारा झाले होते. काकासाहेब काचेच्या केबिनमधून बाहेर आले. ते कधी ओरडत नसत. आताही ओरडले नाहीत.

“रूपाताई, चार नंबर का थांबला?”

तिने पॅड पुढे केलं. त्यांनी फुलीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“चुकून पडली असेल. नवीन शीट घ्या.”

“चुकून नाय पडली, साहेब. काल तुम्हालाच सांगितलं होतं.”

“आणि मी काय सांगितलं?”

“ओढा म्हणून सांगितलं. तेच इथं खाली लिहा. परवानगीच्या जागी. ‘चालवा’ लिहा आणि सही करा. मी लगेच सुरू करते.”

तिने पेन पुढे धरलं. काकासाहेबांनी पेन घेतलं. आवडाबाईंचा प्रेस थांबला होता. द्वारकाबाईंचाही. मग बाकीचेही थांबले. काकासाहेबांनी पेनचं टोक कागदावर टेकवलं, रिकाम्या ओळीच्या अगदी सुरुवातीला. तिथे एक निळा ठिपका उमटला.

ते तसेच थांबले. ठिपका थोडा पसरला.

“एवढी काळजी आहे तर तुम्हीच बसा,” ते म्हणाले. “दोन बटणं वापरून चालवा. सावकाश चालवा. मला माल पाहिजे.”

रूपाने प्रेसकडे पाहिलं. ते जमलं असतं. प्रत्येक स्ट्रोकनंतर मनात एक मोजायचा आणि मगच हात घालायचा. दिवसभर बोटं शाबूत राहिली असती, यादीतलं नावही.

“नाही, साहेब.”

“का?”

“आज मी चालवला तर चार नंबर चालतो असं ठरेल. उद्या हिला बसवाल. ही सावकाश चालवणार नाय. हिला चारशे काढायचेत.”

“यादी माझ्या टेबलावरून जाते. माहीत आहे ना?”

“माहीत आहे.”

“मग विचार करून बोला.”

“काल केला होता विचार, साहेब. सकाळी तरी चुकलेच. म्हणून आता हितंच उभी राहते.”

मागून द्वारकाबाईंचा आवाज आला. “साहेब, सही करून टाका की. एवढं काय त्यात?” त्यांनी टोमणा मारला की मदत केली, हे रूपाला आजही सांगता येणार नाही. पण त्यानंतर काकासाहेबांनी पेनचं टोक कागदावरून उचललं.

“सांडूला बोलवा,” ते म्हणाले. “आणि ह्याला कुलूप लावा.” रूपाचं पेन त्यांनी स्वतःच्या खिशाला लावलं आणि केबिनकडे गेले. सात एकोणीस झाले होते.

सांडूभाऊने मेन स्विच पाडला, त्याला कुलूप घातलं आणि लाल पट्टी बांधली. बांधताना तो हळूच म्हणाला, “हे काल करायला पाहिजे होतं. मी पण.” मग हत्यारांची पेटी उचलून गेला.

बाकीचे सात प्रेस पुन्हा सुरू झाले. सातही डाव्या बटणांत पाचरी होत्या. रूपाने द्वारकाबाईंकडून पेन मागून घेतलं आणि राहिलेला कागद भरायला बसली. तिसऱ्या मुद्द्यापाशी ती अडली. खरं लिहायचं तर तिथे सात फुल्या पडायला हव्या होत्या, आणि सात फुल्या म्हणजे सगळी रांग बंद. तेवढं बळ तिच्यात नव्हतं. खोट्या खुणाही हातून होईनात. तिने ती ओळ कोरी सोडली आणि खाली सही केली नाही.

तीनला सात पाचरी गोळा झाल्या. आठवी तिच्या खिशात होती. तिने डबा आणि पॅड नेऊन काकासाहेबांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी मान वर न करता सांगितलं, “उद्यापासून पॅकिंगला जा. पॅड दीपमालाकडे देतो. तिला तसंही मशीन नाही.” यादीचं ते काही बोलले नाहीत. बोलायची गरज नव्हती.

घरी संघपालने विचारलं, “मग?”

“पॅकिंगला टाकलं.”

“आणि ती पोरगी?”

“हात आहेत तिचे.”

“चहा टाकतो,” तो म्हणाला आणि उठला.

बुधवारी पॅकिंगच्या टेबलाशी रूपा खोक्यांना चिकटपट्टी लावत होती. पॅकिंग आणि प्रेस शॉपच्या मधे तारेची जाळी आहे. जाळीपलीकडे दीपमाला पॅड आणि डबा घेऊन उभी होती. आल्यापासून तिने रूपाकडे एकदाही पाहिलं नव्हतं. द्वारकाबाईंनी हात पुढे केलेला होता. सातला तीन मिनिटं कमी होती.

दीपमालाने डब्यात हात घातला नाही. ती कागद वाचत होती. एकेका ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत, पहिला मुद्दा, दुसरा मुद्दा. तिसऱ्यावर बोट थांबलं. मग ती जाळीजवळ आली.

“ताई.”

“काय गं?”

“ह्या तिसऱ्याला रोज तू काय भरायचीस?”

“न बघता बरोबर करायचे.”

“मग मी काय भरू?”

रूपाने चिकटपट्टी खाली ठेवली.

“बघून भर,” ती म्हणाली.

केबिनचा दिवा लागलेला होता. द्वारकाबाई ओरडल्या, “अगं ए, देती का नाय? भोंगा होईल आता.”

दीपमालाने डबा जाळीखालच्या फरशीवर ठेवला, झाकण न उघडता. पॅड काखेत घेऊन ती एक नंबरच्या डाव्या बटणाकडे गेली आणि वाकून बघू लागली.